टाकीची पांढरी भिंत

मी चांगुणा पगारे. एकोणऐंशी साली नाशिकच्या एका कॉलेजात हंगामी नोकरीत होते. गच्चीवर ऊन मोजायचं यंत्र होतं, काचेच्या घुमटाखाली काळी तबकडी. ऊन पडलं की तबकडी तापायची आणि जिन्यावरच्या खोलीत मीटरचा काटा सरकायचा. दर तासाला काटा वाचून वहीत आकडा लिहायचा, हे माझं काम. रोज सकाळी घुमट पुसायचा, तोही बाळाचं तोंड पुसावं तसा. तीन वर्षांत एक रविवार चुकवला नाही मी! आता पुण्याहून हवामान खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. त्यांचा शेरा चांगला पडला तर मी कायम होणार होते. घरात आजारी वडील, शिकणारे दोन भाऊ. मला ती नोकरी हवीच होती हो.

साहेब आले, वही चाळली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दोन फेब्रुवारीपासून दुपारचे आकडे शंभराला तीननं वाढलेत. नाशिकला काय वेगळा सूर्य उगवतो? बाई, हे तुम्ही घरी बसून लिहिलंय." आणि माझ्यादेखत शेरा लिहिला: आकडे विश्वासार्ह नाहीत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाढ मलाही दिसली होती. आमचे विभागप्रमुख म्हणालेही होते, "गेल्या वर्षीइतके करून टाका, कोण बघतंय?" मी साफ नाही म्हटलं होतं. काटा दाखवील तेच लिहायचं, नाहीतर यंत्र हवंय कशाला?

"साहेब, वर चला," मी म्हटलं.

वर त्यांनी घुमट पाहिला, तारा पाहिल्या. सगळं ठीक. मी मात्र डोळे किलकिले करून उभी. सकाळी कोवळ्या उन्हात घुमट पुसते तेव्हा असं नसतं; आत्ता एवढं चमकतंय काय? बघते तर यंत्राच्या उत्तरेला पाण्याची उंच टाकी, आणि तिच्या भिंतीला ताजा चुना. अगं बाई! साहेब येणार म्हणून प्राचार्यांनी अख्खं कॉलेज रंगवून घेतलं होतं. टाकीची पाळी एक तारखेला आली होती. दुपारचं ऊन दक्षिणेकडून भिंतीवर पडायचं आणि भिंतीवरून उलटून यंत्रात शिरायचं.

"देवरामदादा," मी शिपायाला हाक मारली, "प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीचे काळे पडदे आणा, असतील तेवढे."

पडदे भिंतीवरून सोडले. मीटरपाशी साहेब. काटा खाली आला.

"काढा," साहेब म्हणाले. काटा वर चढला.

"पुन्हा लावा." पुन्हा खाली. असं तीनदा झालं.

"साहेब, हात गळून आले की!" देवरामदादा कुरकुरले.

साहेब हसायला लागले. "म्हणजे माझ्याच स्वागतापायी हा घोळ! बाई, तुमचे आकडे खरे. तुम्ही ते बदलले असते, तर ही भिंत कुणाला कळलीच नसती."

मला नाही हसू आलं. मी शेऱ्याचा कागद पुढे केला. "हे खोडा."

"दुसरा शेरा लिहितो की."

"नाही साहेब. माझ्या वहीत चूक झाली तर मी रेघ मारून शेजारी सही करते. तुम्हीही करा."

"बाई, गप बसा," देवरामदादा कुजबुजले.

साहेबांनी पेन काढलं, रेघ मारली, सही केली. खाली लिहिलं: निरीक्षण चोख. यांना कायम करावे.

मी जिन्यात आले आणि तोंडात पदर धरून आनंदानं हमसून हमसून रडले.