घुमटातली माझी रिकामी जागा

मी एक जुना दगड आहे. मित्रांनो, मी राजवाड्याचा नव्हे, तर थडग्याचा दगड आहे. ओमान देशात, इब्री गावापलीकडच्या एका उघड्या डोंगरधारेवर, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी आपल्या मृतांसाठी गोल घुमटाकार थडगी रचली. त्यांत चुना नाही, माती नाही. प्रत्येक वरचा थर किंचित आत सरकवलेला. माझ्या पाठीवर दोन दगड विसावले होते. असे एकमेकांना धरून आम्ही आत निजलेल्यांना ऊन लागू देत नव्हतो.

एके शुक्रवारी त्याच देशातल्या अल अमेरात शहरात राहणारे अभियंते भगवानराव सहकुटुंब तेथे आले. घुमट पाहताच त्यांनी हात जोडले.

"ललिता, हा तर स्तूप. आपले भिक्खू गलबतातून इथवर आले असणार."

"तुम्हाला पाण्याची टाकीसुद्धा स्तूप दिसते," त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

परंतु तोवर भगवानरावांनी मला श्रद्धेने ओढून काढले होते. माझ्यावरचे दोघे खाली कलले.

त्यांच्या घरी काचेच्या कपाटात, बुद्धमूर्तीसमोर शुभ्र वस्त्रावर मला बसविण्यात आले. मेणबत्ती लागे, वंदन होई. पण वारा नव्हता, तारे नव्हते. आदराचीही कोठडी असते, हे मला तेथे उमगले.

पुढे भगवानरावांनी ठरविले की, मला मायदेशी नेऊन गावच्या नव्या विहाराच्या भिंतीत सिमेंटने पक्के बसवावे. मग मला सुटका कधीच नव्हती. इतक्यात त्यांची कन्या प्रणाली शाळेच्या सहलीसोबत त्याच डोंगरावर जाऊन आली.

"बाबा, तो स्तूप नाहीये. टूम्ब आहे. मेलेल्या लोकांना तिथे ठेवायचे. बोर्डवर लिहिलंय."

"अगं, पण आपण मानच दिला ना त्याला?"

"आपण काढला तिथे होल आहे. वरचे दोन स्टोन्स खाली येतायत. सगळं पडेल."

ललिताबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या वडिलांच्या समाधीचा दगड कुणी असा मानानं उचलून नेला असता, तर चाललं असतं?"

भगवानरावांनी कपाट उघडले आणि मला टॉवेलात गुंडाळले.

पुढल्या शुक्रवारी आम्ही डोंगरावर पोहोचलो. ते मला जागेवर ठोकू लागताच तेथील राखणदार हुसैनमियाँ आडवे आले.

"अब हाथ मत लगाओ, अर्बाब साहब. निकालते वक्त किसी से पूछा था?"

"गलती हो गई, मियाँ."

"जानकार लोग आएँगे, इन्शाल्ला. वही बिठाएँगे. यहाँ रख दो."

तेव्हापासून मी थडग्याच्या पायथ्याशी, तारेच्या कुंपणात पडून आहे. वारा आहे, तारे आहेत. परंतु चार हात उंचावरच्या माझ्या जागेपर्यंत मला स्वतःहून जाता येत नाही. वरचे दोघे अजून कसेबसे तग धरून आहेत.

मित्रांनो, जुन्या वास्तूवर तुमचे प्रेम जडले, तर दुरून हात जोडा. तिचा तुकडा घरी नेऊ नका. रोज सकाळी माझ्या रिकाम्या जागेतून ऊन आत शिरते, आणि ज्यांच्यावर सावली धरण्यासाठी मला घडविले, त्यांच्या निजण्याच्या जागेवर जाऊन पडते. मी खालून ते पाहत राहतो.