भाऊबीजेचा पितळी डबा

मी पितळेचा डबा आहे, आणि जुना आहे, हे माझ्या झाकणाकडे नुसतं पाहिलंत तरी कळेल. त्याला दोन ठिकाणी पोचे आहेत आणि कडी लावताना ते अंगठ्याने दाबून धरावं लागतं. मित्रांनो, एरवी मी बोलका आहे. आतून मोकळा असलो की जरा जास्तच घुमतो. पण यंदा आषाढापासून माझ्या माणसांत सगळं सुन्न झालं आहे, म्हणून आजची हकिगत बेताच्या आवाजात सांगतो.

पुण्यातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. मग भोरच्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानात, परातींच्या मागे मी सहा महिने धूळ खात पडलो होतो. एके दिवशी गुंजवणे गावचा कोंडिबा तिथे आला. तेव्हा तो पंचविशीतला असेल. त्याने चार डबे खाली काढायला लावले, प्रत्येकात कोपरापर्यंत हात घालून पाहिला, दुकानदाराला पुरता वैताग आणला आणि शेवटी मला उचललं. "ह्येच्यावर नाव घाला," तो म्हणाला. दुकानदाराने ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं काढली : रतन हिस दादाकडून. रतन ही त्याची धाकटी बहीण. तिचं लग्न भोंगवलीला ठरलं होतं. आईवडील कधीच गेले होते, त्यामुळे तिचं माहेर म्हणजे एकटा कोंडिबा.

रुखवतात मी करंज्यांनी भरून मधोमध बसलो होतो. बायका येऊन मला टिचकी मारून पाहायच्या. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही.

पुढे दरवर्षी भाऊबीजेला रतनबाई मला फराळाने भरायची आणि मांडीवर घेऊन एसटीने माहेरी जायची. आता, आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. काही नसलं तर लोक चिमूटभर साखर तरी टाकतात. कोंडिबा मला नव्या भाताच्या पोह्यांनी भरून द्यायचा. त्याची स्वतःची भातखाचरं होती. हळवा भात दसऱ्याच्या सुमारास निघायचा आणि दिवाळीपर्यंत त्याची बायको अक्काबाई पोहे कांडून ठेवायची. पण भरायचा तो स्वतः. दाबून दाबून भरायचा, मग मला जमिनीवर आपटायचा आणि पुन्हा भरायचा. माझे पोचे त्यातलेच. रतनबाई ते पोहे भोंगवलीत पुरवून पुरवून खायची. शेजारणीला मूठभर द्यायची ती मात्र चार जणींना ऐकू जाईल अशा आवाजात : "माज्या माहेरचं हायत."

मग गुंजवणी नदीवर धरण झालं. कोंडिबाचं घर वर राहिलं आणि खाचरं पाण्याखाली गेली. त्या वर्षीही त्याने मला पोह्यांनी भरलं, पण ते कागदी पिशवीतून ओतलेले होते, पांढरेफेक. रतनबाईने निघताना चार दाणे तोंडात टाकले आणि सगळ्यांदेखत हसत म्हणाली, "दादा, हे दुकानातलं हायत. ह्यास्नी माहेरची चव न्हाई."

तिने थट्टा केली होती. लहानपणापासून ती त्याची थट्टाच करत आली होती. कोंडिबाही हसला.

पुढच्या वर्षी मात्र माझ्यात पुन्हा जुन्यासारखे पोहे आले, किंचित तांबूस, झाकण उघडताच वास येणारे. रतनबाईला वाटलं, दादाने कुणाचं तरी खाचर वाट्याने केलं असेल. तिने विचारलं नाही. मलाही काही कळलं नाही.

वर्षं गेली. कल्हईवाला भोरहून यायचा तो यायचा बंद झाला. घरात प्लास्टिकचे डबे आले, हलके, रंगीत आणि जरा उन्हात ठेवले की वाकडे होणारे. मी माळ्यावर गेलो. भाऊबीजेपुरता तेवढा खाली यायचो. मला राग आला नव्हता, असं मी म्हणणार नाही. पण वर्षातून एकदा मानाने निघायचं, एवढ्यावर मी समाधान मानत होतो.

यंदा आषाढात कोंडिबा वारला. आठ दिवसांचं आजारपण झालं आणि गेला. रतनबाई जाऊन आली, पण रडली नाही. येऊन तिने अंगण झाडलं, शेंगा फोडल्या, जेवायला बसली आणि अर्ध्यावर उठली. चहा पुढे ठेवला की तो निवून जायचा. कुणी काही विचारलं तर ती "व्हय" म्हणायची. कशाला व्हय, ते तिलाही ठाऊक नसायचं.

दिवाळीला तिचा मुलगा इंद्रजित आणि सून नूतन पुण्याहून गाडी घेऊन आले. "आई, भाऊबीजेला मामीकडं जाऊ," इंद्रजित म्हणाला. "रस्ता पण बघण्यासारखा झालाय. तुला बरं वाटंल." नूतनने फराळ प्लास्टिकच्या डब्यांत भरायला घेतला, तशी रतनबाई म्हणाली, "माळ्यावरचा काढ."

नूतनने मला खाली काढलं आणि चिंचेने घासलं. पोरीचा हात चांगला आहे. रतनबाई शेजारी बसून पाहत होती. "सासूबाई, सोन्यासारखा झाला की!" नूतन म्हणाली.

"व्हय," रतनबाई म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पर आता भाऊच न्हाई. भरून कोन देनार?"

 वर्षभर दुखवट्याच्या घरी कढई चढत नाही, म्हणून फराळ आपण न्यायचा, एवढं नूतनला माहीत होतं. पण सासूबाई फराळाबद्दल विचारत नव्हत्या. आपल्याला आता माहेर उरलं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

सकाळी निघालो. मी रतनबाईच्या मांडीवर, खिडकीशी. हायवे सोडून नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि दोन्ही बाजूंनी भात पिवळाधमक उभा होता. कुठे कापणी चालली होती, कुठे पेंढ्या बांधून पडल्या होत्या. पावसाळाभर हिरवे असलेले डोंगर वरून उन्हाच्या रंगाचे होत आले होते. मार्गासनी सोडलं आणि समोर राजगड आला, त्याच्या माचीवर एकच ढग. नूतनने गाडी थांबवायला लावून फोटो काढले. इंद्रजितने भजी आणली. "आई, बघ की किती भारी दिसतंय!" तो म्हणाला.

"व्हय," रतनबाई म्हणाली. तिचे डोळे डोंगराकडेच होते, पण ती काही पाहत नव्हती. तिचे दोन्ही हात माझ्या झाकणावर होते आणि ऊन असूनही गार होते. मला तिची फार दया आली. इतकी वर्षं हाच रस्ता मी तिच्या मांडीवरून पाहिला आहे. एसटीत ती प्रत्येक वळण शेजारणीला सांगायची.

गुंजवण्यात कोंडिबाच्या दारासमोर रांगोळी नव्हती, आकाशकंदील नव्हता. अक्काबाई दारात उभी होती. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि सोडले. चहा झाला. अक्काबाईने मला आत नेऊन फराळ काढून घेतला, मला धुतलं, पदराने पुसलं आणि बाहेर येऊन मला पुढ्यात घेऊन बसली. 

"वन्सं," ती म्हणाली, "ह्यो डबा म्या कदी भरला न्हाई. हेच भरायचे."

"ठावं हाय."

"समदं ठावं न्हाई तुमास्नी. तुमी दुकानातलं म्हनलात ना, त्याच्या फुडल्या सालापासनं दर दसऱ्याला हे मार्गासनीच्या अंगाला जायचे, लोकाच्या खाचरात भात कापायला. मजुरी नगं, नवं भात द्या म्हनायचे. त्येच पोहं कांडून द्यायचे म्या. गेल्या साली सुदिक गेल्ते. साठीच्या फुडलं मानूस, कंबर धरायची. म्या म्हनलं, वन्सं का परक्या हायत? घाला दुकानातलं. तर म्हनले, माजी रतन खोटं बोलत न्हाई. चव नव्हतीच."

इंद्रजित खाली पाहू लागला. रतनबाईचा चेहरा होता तसाच राहिला.

"म्या थट्टा केल्ती, वैनी," ती म्हणाली.

"त्यास्नी बी ठावं व्हतं."

 बाहेर कुणीतरी भाताच्या पेंढ्या झोडत होतं, त्याचा आवाज येत होता. मित्रांनो, दरवर्षी मी आपटून आपटून भरला जायचो आणि मिरवत परतायचो. आपल्यात काय भरलं आहे, हे मला धरणानंतरच्या पंधरा वर्षांत एकदाही कळलं नव्हतं. मला लाज वाटली.

उन्हं कलली. नूतनने मला उचलायला हात पुढे केला, पण अक्काबाईने सोडलं नाही. "रिकामा कसा देऊ? आन् भरायला घरात काय न्हाई. हितंच ऱ्हाऊ दे."

"साखर घाला की चिमूटभर," नूतन हळूच म्हणाली.

"पोह्याच्या जागी साखर न्हाई घालायची म्या."

रतनबाई उठून दारापर्यंत गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती भाऊबीजेला माहेराहून मोकळ्या हाताने निघाली होती आणि ते हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. ती गाडीत बसली. इंद्रजितने गाडी सुरू केली. मग दार उघडलं आणि ती उतरून पुन्हा आत आली.

"वैनी, दादा कापायला जायचा त्या मानसाचं खाचर ठावं हाय तुमाला?"

"हाय की. का?"

"फुडल्या साली म्या भाऊबीजेला न्हाई येनार. दसऱ्याला येनार." तिचा आवाज कोरडाच होता. "आपून दोगी जाऊ कापायला. विळा हाय ना दादाचा?"

"हाय," अक्काबाई म्हणाली. "पर तुमची कंबर, वन्सं?"

"धरू दे."

मग ती गेली. आता मी गुंजवण्यात आहे, अक्काबाईच्या फळीवर, रिकामा. दोन म्हाताऱ्या पुढच्या दसऱ्याला खाचरात उतरतील की नाही, मला माहीत नाही. वाट पाहतो आहे. जुन्या वस्तू जपा, घासा, माळ्यावर टाकू नका, असं सगळेच डबे तुम्हाला सांगतील. माझंही तेच म्हणणं आहे. पण मला एक जास्तीचं मागायचं आहे. कुणी तुम्हाला काही भरून दिलं, तर ते कुठून आणलं हे त्याला एकदा विचारा. रतनबाईने विचारलं असतं तरी कोंडिबाने खरं सांगितलं नसतं, एवढं मी त्याला ओळखतो. तरी तिने विचारायला हवं होतं.