कर्नलचा खोकला

"आता मी जे सांगणार आहे ना, त्यावर बापजन्मात कुणाचा विश्वास बसायचा नाही," असं म्हणत म्हाताऱ्या न्हाव्याने पोस्टमनच्या हनुवटीवर साबणाचा ब्रश फिरवला. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, मानेला टॉवेल बांधला, गालावर वस्तरा टेकला, की ते पळून जाणार कुठे? या एका जोरावर म्हाताऱ्याने चाळीस वर्षं थापा विकल्या होत्या. दाढी त्यावर फुकट.

आजची थाप कर्नलची होती. कर्नल म्हणजे त्याचा कुत्रा. दुकानामागच्या खोलीत, पडद्यापलीकडे राहायचा. पाहिला कुणीच नव्हता, ऐकला मात्र सगळ्यांनी होता. ओला, खोल, एकदा लागला की थांबायचं नाव न घेणारा त्याचा खोकला.

हा कुत्रा जन्मला दोन वर्षांपूर्वी, उभ्या उभ्या. पडद्यामागे खोकायची ती म्हाताऱ्याची अकरा वर्षांची नात. तो आवाज ऐकून एक गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून उठलं होतं. "घरात कसला रोगबिग आहे का हो?"

सिस्टिक फायब्रोसिस, एवढंच सांगायचं होतं. जन्मापासूनचा आहे, आईबापांकडून आलेला, कुणाला लागत नाही. छातीत कफ डिंकासारखा चिकटून बसतो. म्हाताऱ्याला सगळं पाठ होतं. पण एरवी कात्रीच्या पुढे धावणारी जीभ नेमकी तिथे अडली. "छे हो, कुत्रा आहे," तो म्हणाला. गिऱ्हाईक परत बसलं. झालं!

मग कुत्रा पोसणं आलं. खाटीक हाडं पाठवू लागला. मास्तर त्याची जात विचारू लागले. आणि आज पोस्टमनने कर्नलसाठी चक्क चामड्याचा पट्टा आणला होता, पितळी बकलाचा. तो आरशासमोर कंगव्यांशेजारी पडला होता आणि म्हातारा तिकडे बघायचं टाळत होता.

कारण तासाभरापूर्वीच नात खाटेवर पालथी झोपली होती आणि तो हाताचा खोलगट पंजा करून तिच्या पाठीवर थापट्या मारत होता, कफ सुटावा म्हणून. आई भल्या सकाळी लाँड्रीत कामाला जायची, त्यामुळे हे काम त्याचं.

"आजोबा, उद्या मी वर्गात माझ्या आजाराबद्दल सांगू का? बाई म्हणाल्या, नको वाटत असेल तर राहू दे."

"मग तुला काय वाटतं?"

"तुम्ही दुकानात काय सांगता?"

थापटीचा ठेका चुकला. "जे आहे ते सांगतो."

"लाज नाही वाटत?"

"लाज कसली त्यात!"

"मग मीपण सांगणार," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली.

नंतर तिला औषधाच्या वाफेचा मास्क लावून, मशीन सुरू करून तो दुकानात आला होता. मशीन घरघरायला लागलं की तिला बाहेरचं अक्षर ऐकू यायचं नाही. कर्नल दोन वर्षं जगला तो त्या घरघरीवरच.

"खातो काय हो तुमचा कर्नल?" पोस्टमनने फेसातून विचारलं.

आज गप्प बसावं, असं म्हाताऱ्याला फार वाटलं. पण तोंड उघडलं ते उघडलंच. "काही खायचं म्हटलं की आधी कॅप्सूल लागते त्याला. चुकली, की खाल्लेलं अंगी लागत नाही."

"भलताच लाडावलाय!"

"लाड नव्हेत हो. शूर आहे तो. सुया टोचा, नळ्या लावा, हूं की चूं नाही. उलट मलाच म्हणतो, तुम्ही घाबरू नका."

"कुत्रा म्हणतो?"

"डोळ्यांनी, डोळ्यांनी!" म्हातारा घाईने म्हणाला. त्याचे कान तापले. नातीचं कौतुक करायला तो असा कुत्र्याच्या मागे लपायचा. तिच्या नावाने त्यातला एक शब्द त्याने या खुर्चीपाशी काढला नव्हता. लाज झाकायला मग त्याने थाप आणखी फुगवली. "आणि घाम! काय सांगू! नुसता धावून आला की कपाळावर पांढरी रेघ. मीठ हो, मीठ! परवा घरातलं मीठ संपलं, तर आम्ही त्याचं कपाळ खरवडून भाजी केली!"

पोस्टमन इतका हसला, की वस्तरा उचलून धरावा लागला. तेव्हा म्हाताऱ्याला जाणवलं. मशीन बंद होतं. कधीचं बंद होतं कोण जाणे.

आरशात पडदा सरकला. नात बाहेर आली. नाकावर मास्कचा लाल वळ. तिने आजोबांकडे पाहिलं नाही. सरळ येऊन तो पट्टा उचलला, बक्कल उघडलं, परत लावलं.

"ही कोण?" पोस्टमनने विचारलं.

म्हाताऱ्याने वस्तरा खाली ठेवला. उत्तर द्यायच्या आधी पोरीला ढास लागली. तो आवाज ऐकला मात्र, पोस्टमनचं हसू फेसातच विरलं.

"आजोबा," श्वास सावरत ती म्हणाली, "कुत्र्याच्या कपाळाला घाम येत नाही. माझ्या येतो."