खोली दोनशे चार

वान-रूला ठरल्या वाटेनं चालता म्हणून येत नसे. परिचारिका व्हायला तैपेईला धाडली, तर वर्षाच्या आत ते सोडून जपानी भाषेच्या वर्गात जाऊन बसली. जपानला सहा महिन्यांसाठी गेली, त्याचं वर्ष केलं. आणि आता आजोबांच्या श्राद्धाला बुधवारच्या विमानानं यायचं पक्कं असताना सोमवारी तिचा निरोप : ‘अमा, बेत बदलला. मी जहाजानं बेटं बघत ओकिनावाला जाते आणि तिथून विमान धरते. शुक्रवारी घरी. रागावू नकोस.’

तिच्या अमानं, म्हणजे आजी ग्योक-लाननं, तो निरोप सुनेकडून तीनदा वाचून घेतला.

"रागावू नकोस म्हणे! आधी आग लावायची आणि मग म्हणायचं, खोकू नका."

आज शुक्रवार उजाडला होता आणि पोरीचा पत्ता नव्हता. मंगळवारी संध्याकाळी जहाजाच्या कठड्याला टेकून हसणारा एक फोटो आला, तो शेवटचा. बुधवारी वादळानं तोंड फिरवलं आणि ते थेट त्याच बेटांवर चालून गेलं. तेव्हापासून फोन लागत नव्हता.

ग्योक-लान अंगणात कालवं फोडत बसली होती. साठ वर्षं हेच काम. डोळे मिटून केलं तरी सुरी शिंपल्याच्या नेमक्या फटीत शिरायची. आज ती दोनदा बोटात शिरली. सून सिउ-बी, वान-रूची आई, धावत पट्टी घेऊन आली.

"आई, राहू द्या ना आज."

"राहू देऊन काय करू? तुझ्यासारखी टीव्हीपुढे बसून नकाशातला भोवरा बघू?" तिनं बोट तोंडात घातलं, थुंकली आणि उठली. "चल. देवीला विचारू."

समुद्रदेवीचं देऊळ धक्क्याच्या तोंडाशीच होतं. ग्योक-लानला दुसरीच्या पुढे शाळा माहीत नव्हती. पण दर अमावास्या-पौर्णिमेला देवीपुढे उभं राहून नातीचं नाव, तिची जन्मतिथी आणि तिचा जपानातला पत्ता ती अडखळल्याशिवाय म्हणायची. तो परका पत्ता तिनं सुनेकडून पंधरा दिवस घोकून घेतला होता. पत्त्याशिवाय देवी शोधणार कुठे?

आजही तिनं उदबत्त्या लावल्या आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "सापाच्या वर्षी, आठव्या महिन्याच्या तृतीयेला जन्मलेली वान-रू. कागोशिमा शहर, नाकामाची, तीन-सात-बारा, खोली दोनशे चार. पोर जहाजानं निघाली आहे. सुखरूप आहे ना, आई?"

कौलाचे दोन लाकडी तुकडे तिनं कपाळाला लावून खाली टाकले. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली की होकार. दोन्ही सपाट वर पडले. म्हणजे देवी हसली.

पुन्हा टाकले. पुन्हा हसली.

तिसऱ्यांदाही तेच. ग्योक-लानच्या मानेवर घाम फुटला. देवळाची देखभाल करणारा म्हातारा बेंग झाडू घेऊन जवळ आला.

"वहिनी, तीनदा हसली म्हणजे तुमचं बोलणं तिला उमगत नाही. पत्ता चुकला नाही ना?"

"माझा पत्ता चुकेल? तुझी बायको तुला चुकून दुसऱ्याच्या घरी पाठवेल एक वेळ, पण माझा पत्ता चुकायचा नाही!"

बेंग हसला. सिउ-बी हसली नाही. ती उदबत्तीच्या राखेकडे बघत होती. ग्योक-लाननं ते पाहिलं.

"सिउ-बी."

"आई, तिनं सांगू नको म्हटलं होतं."

"काय?"

"ती खोली तिनं सोडली. मार्चमध्ये. मैत्रिणीबरोबर दुसरीकडे राहायला गेली. तुम्ही ओरडाल म्हणून..."

आता जून लागला होता. ग्योक-लाननं खांबाला हात टेकला. मार्च, एप्रिल, मे. सहा-सात वेळा ती इथं उभी राहून मान वर करून तो पत्ता म्हणाली होती, आणि देवी निमूटपणे एका रिकाम्या खोलीची राखण करत होती. वादळ निघालं तेव्हाही देवी तिथंच, दोनशे चारच्या दारात.

"नवा म्हण," ती सुनेला म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की बेंगनं झाडू बाजूला ठेवला.

सिउ-बी फोनमध्ये बघून एकेक शब्द सांगत गेली, ती मागून म्हणत गेली. मग शेवटी म्हणाली, "आणि आत्ता जहाजावर आहे. जहाजाचं नाव मला येत नाही. आई, माझी पोर त्या जहाजावर सुखरूप आहे ना?"

तुकडे पडले. दोन्ही फुगीर बाजू वर.

नकार.

बाहेर धक्क्याला बांधलेल्या होड्या एकमेकींना घासत होत्या. बेंगनं वाकून तुकडे उचलले आणि पुढे केले. "परत विचारा, वहिनी."

"नाही म्हटल्यावर तिच्या मागे लागतात होय?" ती खाली फरशीवर बसली. श्राद्धाला म्हणून भिजत घातलेला तांदूळ तिला आठवला. पोरीला तांदळाची खीर आवडते म्हणून दुप्पट घातला होता.

सिउ-बीच्या हातातला फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं कानाला लावला आणि भिंतीला टेकून रडायलाच लागली. ग्योक-लाननं फोन ओढून घेतला.

"कोण?"

"अमा, मी! मी बरी आहे. बुधवारी सकाळी जहाज योरोनला लागलं, बेट इतकं छान दिसलं की मी एक दिवसासाठी उतरले. जहाज पुढे गेलं आणि मग वादळ आलं. वीज गेली, फोन मेला. शाळेत सगळ्यांना ठेवलंय. हा इथल्या एका काकूंचा फोन आहे."

"म्हणजे तू जहाजावर नाहीस."

"नाही ना! परत बेत बदलला." पोर घाबरत हसली. "अमा? ओरडतेयस ना?"

ग्योक-लाननं मूर्तीकडे पाहिलं. देवीनं खरं तेच सांगितलं होतं. विचारणारीलाच ठाऊक नव्हतं काय विचारावं.

"खोली सोडलीस हे का लपवलंस?"

पलीकडून बारीक आवाज, "सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस."

"ओरडले असते. चार दिवस ओरडले असते. पाचव्या दिवशी देवळात येऊन नवा पत्ता सांगितला असता." तिनं नाक पुसलं आणि आवाज चढवला, देवळाबाहेर ऐकू जाईल इतका. "तू बेत बदल. दिवसातून तीनदा बदल, जा चंद्रावर! पण तुझ्या पायांना कुठं फिरायचं ते फिरू दे, तोंडानं मात्र मला खरा पत्ता सांगायचा. आज तू मला देवीपुढे खोटं बोलायला लावलंस, वान-रू. घरी आलीस की आधी इथं येऊन तिची माफी मागायची, मग जेवायला वाढीन. आणि आता त्या शाळेचं नाव सांग. सावकाश सांग, मला पाठ करायचंय."