सतरंजी जिथं, सभा तिथं

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे आणि माझा जन्म तुरुंगात झाला. दचकलात ना? घाबरू नका, मी कुणाचं काही चोरलेलं नाही! नाशिकरोडच्या तुरुंगात कैदी मागावर सतरंज्या विणतात, त्यातलीच मी एक. निळे-तांबडे पट्टे आणि दोन्ही टोकांना गोंडे. ज्याने मला विणलं तो विणताना सारखा काहीतरी पुटपुटायचा. कुणाशी, ते मला कधी कळलं नाही. तेव्हापासून मला एक खोडच लागली. माणसं एकटी असताना कुणाशी काय बोलतात, ते कान टवकारून ऐकायचं.

पुढे मला शरणपूर रोडजवळच्या एका चर्चमधल्या बायकांनी विकत घेतलं. त्यांची दर गुरुवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते आणि ती फिरती असते. आज हिच्या घरी, पुढच्या गुरुवारी तिच्या. सभा झाली की मी त्याच घरी राहायचं आणि आठवड्याने त्या घरच्या बाईने मला पुढच्या घरी पोचवायचं, अशी रीत. म्हणजे आठवडाभर एकेकीचा पाहुणचार! कुठे मला पलंगाखाली सारतात, कुठे माझ्यावर कुरडया वाळत घालतात. मध्यंतरी प्लास्टिकच्या खुर्च्यांचं खूळ आलं आणि मला माळ्यावर फेकलं. उंदराने एक कोपरा कुरतडला, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. फार वाईट वाटलं हो तेव्हा. पण खुर्चीत बसून गुडघे कसे टेकणार? शेवटी मला झटकून खाली आणलंच.

या सभेत सगळ्यात सुंदर प्रार्थना करायची ती उज्वला. तिचा नवरा शेखर सातपूरच्या एका कारखान्यात आहे. सभा सुरू झाली की एकेकीने आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा, कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी, कुणाचं लग्न. मग उज्वला डोळे मिटून सुरू करायची, "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या..." शब्द कसे झरझर यायचे! बायका पदराने डोळे टिपायच्या. बाकीच्या नुसत्या "आमेन" म्हणायच्या, कारण हिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती? आणि उज्वलाचा स्वतःचा विषय? "माझं काही नाही गं," असं ती दर वेळी म्हणायची.

मला वाटायचं, हिचं आणि देवाचं घरी किती गूळपीठ असेल! म्हणून गेल्या खेपेला तिच्याकडे मुक्काम पडला, तेव्हा मी अगदी उत्सुक होते.

शेखर दुपारच्या पाळीला गेला. उज्वलाने दार लावलं, मला अंथरलं, गुडघे टेकले. "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या..." आणि गाडी अडली. पुन्हा तेच शब्द, पुन्हा अडली. दुसऱ्या दिवशी तिने मला खिडकीपाशी ओढलं. मग देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात ठेवलेल्या क्रुसासमोर. मग तर गच्चीवर नेलं! मला नवलच वाटलं. जागा बदलून देव सापडतो की काय? शेवटी ती वैतागून वर बघत म्हणाली, "अहो, घरात आहात का कुणी?"

उत्तर आलं नाही. ती माझ्यावर आडवी पडून रडली.

त्या रात्री उशिरा जेवताना शेखरने विचारलं, "काय झालंय तुला?"

"काहीच झालं नाही, तेच तर!" उज्वला म्हणाली. "कोणी गेलं नाही, कोणी आजारी नाही. पण पूर्वी प्रार्थनेला बसलं की समोर कोणीतरी आहे असं वाटायचं. आता नुसती भिंत. आणि बायकांपुढे मी पोपटासारखी बोलते. ढोंग आहे हे, शेखर. मी सभा सोडते."

"एकदा त्यांना सांगून तर बघ."

"काय सांगू? छी-थू करतील माझी."

गुरुवारी सभा सातपूरला गोजराबाईंकडे होती. मूळच्या हरसूलच्या, वयाने सगळ्यांत मोठ्या. उज्वलाने फोनवर निरोप टाकला, "बरं नाही, येत नाही." पण या घोळात मला पोचवायचं ती साफ विसरली! सहाच्या सुमाराला फोन वाजला.

"अगं बाई, सतरंजी तुझ्याकडंच हाय की!" गोजराबाई ओरडत होत्या.

"मावशी, आजचा दिवस चटई घाला ना."

"नाय बाई. सतरंजी जिथं, सभा तिथं. आम्हीच येतो."

आणि आल्या की हो! गोजराबाई मांडीवरचं चहाचं पातेलं सांभाळत रिक्षातून उतरल्या. मागून बँकेतली तेजस्विनी चिवड्याचा डबा घेऊन, आणि तिच्यामागे बाकीच्या. उज्वलाचा चेहरा पांढरा पडला. सोडायला निघालेली सभा तिच्याच घरात येऊन बसली होती.

विषय सांगून झाले. तेजस्विनीची बदली, कुणाच्या नातवाचा ताप. "उज्वला, तुझा?" गोजराबाईंनी विचारलं.

"माझं काही नाही."

"दर खेपेला कसं गं काय नाय? तुझ्याच घरी काय समदं सोन्याचं हाय?"

उज्वलाचा बांध एकदम फुटला. "मावशी, मला देव सापडेनासा झालाय! कित्येक महिने. तुमच्यासाठी करते ती प्रार्थना नुसती पाठ झालीय. आतून काही नाही."

मी कान टवकारले.

गोजराबाईंच्या भुवया चढल्या. "मंग माझ्या गुडघ्यासाठी केलीस, ती?"

"ती पण पाठच होती, मावशी."

"अगं, पण गुडघा तर बरा झाला की माझा!"

तेजस्विनीला आधी हसू फुटलं, मग सगळ्यांना. उज्वला रडता रडता हसत सुटली. पण हसू ओसरल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. आता हिच्यासाठी प्रार्थना करायची कोणी? मोठ्याने करायची सवय हिच्याशिवाय एकीलाही नव्हती.

शेवटी गोजराबाई सरकत सरकत पुढे आल्या. उज्वलाच्या डोक्यावर हात ठेवला. "देवा," त्या म्हणाल्या आणि अडल्या. मग पुन्हा सुरू केलं. "देवा, ही उज्वला. तिला तू सापडंना. आमच्यासाठी लय बोलली ती तुझ्याशी, आता दमली. तू येस्तवर आम्ही हिच्यापाशी बसतो. आमेन."

एवढंच. आणि त्या खरंच बसल्या. चहा गार झाला तरी कोणी उठलं नाही.

मित्रांनो, देवाचा आवाज आला का, असं विचाराल. मला तरी ऐकू आला नाही, आणि मी खोटं सांगणार नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी उज्वलाने मला अंथरलं, तेव्हा प्रेमळ स्वर्गीय पित्याची ती लांबलचक सुरुवात नव्हती. ती म्हणाली, "देवा, मला अजून काही वाटत नाही. तुझी फार आठवण येते." आणि या वेळी ती कितीतरी वेळ बोलत राहिली.

आता एक विनवणी. माझ्यासारख्या जुन्या वस्तूला अधूनमधून ऊन दाखवा, माळ्यावर कुजवू नका. आणि तुमच्यात कोणी सगळ्यांसाठी देवाकडे मागणारं असेल, तर आपलं मागून झाल्यावर लगेच उठू नका. त्याच्यासाठी कोण मागतं, तेवढं विचारा.