दिवजांची रांग

साठीपुढल्यांच्या राज्य क्रीडा स्पर्धेचं उद्घाटन मशालीने नको, दिवजांनी करू, ही कल्पना गोकुळदासबाबांची. डिचोलीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि स्पर्धा समितीचे ते अध्यक्ष होते. मशाल सगळीकडेच असते, ते म्हणाले. गोवा आता घटक राज्य झालं आहे, आपलं काहीतरी दिसायला हवं. देवळातल्या दिवजोत्सवात बायका पाच वातींचं मातीचं दिवज हातात घेऊन रांगेने चालतात, तशाच खेळाडू बायका मैदानात येतील. बैठकीत सगळ्यांनाच ते पटलं. स्वयंसेवक म्हणून दिवजांचं काम रूपालीने घेतलं. ती उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे.

मैदानावर संध्याकाळी वारा कुठून येतो, ते तिने आधी जाऊन पाहिलं. कोणतं तेल टिकतं, वात किती जाड हवी, हे घरी लावून पाहिलं. दिवजाचा तळ तापतो म्हणून खाली धरायला केळीच्या सोपटाचे तुकडे कापून घेतले. दिवजं कोण धरणार, याचा विचार मात्र तिने केला नाही. देवळात ती फक्त सवाष्णी धरतात. साठीपुढच्या बायकांत कितीजणींचे नवरे हयात असतील, हे कळायला भौतिकशास्त्र लागत नव्हतं.

त्या बायकांत तिची आई सुमनही होती. जलद चालण्याच्या शर्यतीसाठी ती कोरगावहून, पेडणे तालुक्याच्या संघातून आली होती. रूपालीनेच तिला तयार केलं होतं. वडील गेल्यापासून आई लग्नकार्यात मागे बसायची आणि ओटी भरायची वेळ आली की उठून स्वयंपाकघरात जायची. रूपालीला त्याचा राग यायचा. काजूच्या डोंगरावर चढउतार करण्यात जन्म गेला तुझा, तुला कोण हरवणार, असं ती आईला म्हणाली होती. मग आईने कॅनव्हासचे बूट घेतले आणि बांधावरून चालायचा सराव केला. कोणी हसू नये म्हणून पहाटेच.

सूर्य कलल्यावर दिवजं पेटवली. रूपाली रांगेच्या पुढच्या टोकापासून एकेकीच्या हातात दिवज देत निघाली. पहिल्या काही बायकांच्या कपाळावर कुंकू होतं. मग आई आली. आईने दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे केले होते. रूपालीने ते पाहिले. आणि तिने दिवज त्या हातांवरून पुढे नेऊन मागे उभ्या, कुंकू लावलेल्या कमलाक्षीला दिलं.

विचार करून केलं नव्हतं. हळदीकुंकवाला करंडा घेतलेला हात एखादीला ओलांडून जातो, तसा तो गेला. आईने हात खाली घेतले, पदर सारखा केला आणि ती रांगेतून बाजूला झाली.

मागच्या बायकांनी ते पाहिलं. दिवजं देणारी टीचर सुमनची मुलगी, हे बहुतेकींना माहीत होतं. स्वतःच्या आईला दिलं नाही, म्हणजे तसाच नियम असणार. कोणी काही सांगितलं नाही, तरी एकेक विधवा रांगेतून निघून कुंपणाच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. सुर्ल्याची विमला गोळाफेकीसाठी आली होती. तिचा नवरा खनिजाच्या ट्रकावर असताना अपघातात गेला होता. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आदींच सांगिल्लें जाल्यार घराच रावतलीं आशिल्लीं. गोळो तरी हातांत दितले मगो आमकां?”

दोघीतिघी हसल्या. रांग अर्धी राहिली होती.

गोकुळदासबाब धावत आले. बायका कुठे गेल्या, पाहुणे व्यासपीठावर बसलेत, असं विचारू लागले. माझी चूक झाली, रूपाली म्हणाली, आणि काय झालं ते सांगितलं. ते भिंतीकडे बघत राहिले. बैठकीत जे सुचलं नव्हतं ते त्यांनाही आत्ता कळलं. आता उरल्यात त्यांनाच सोडा, ते हळू आवाजात म्हणाले. रूपालीने नकार दिला आणि थोडा वेळ मागून घेतला.

ती एक दिवज घेऊन आईकडे गेली. “आये, घे.”

आईने हात मागे घेतले. “माका नको. पयलां त्येंका दी. माका दिलंस तर म्हणतले, आवय म्हणान दिल्यान.”

रूपाली भिंतीपाशी प्रत्येकीची माफी मागत फिरली. विमलाने लगेच दिवज घेतलं आणि शिवाय धूर डोळ्यांत जातो म्हणून कुरकुर केली. आणखी काहींनी घेतलं. काहींनी नुसतीच नकाराची मान हलवली. एका म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. वाईट वाटून घेऊ नको बाय, पण आता घेतलं तर ते तुझ्यासाठी घेतल्यासारखं होईल, असं ती म्हणाली.  घोषणा झाली, रांग हलली. आई विमलाच्या बाजूने रिकाम्या हातांनी, ताठ चालत मैदानात गेली. लोक टाळ्या वाजवत होते. आईसाठी घेतलेलं दिवज हातात धरून रूपाली कडेला उभी राहिली.

कार्यक्रम संपल्यावर आई मंडपामागे बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. रूपाली तिच्याशेजारी बसली.  माझ्या मनात तसं काही नव्हतं, एवढंच तिला म्हणता आलं.

“माका ठावक आसा,” आई म्हणाली. “तुझो काय दोष? तुझो काका गेलो त्या वर्सा हळदीकुंकवाक तू काकीक कुंकू लावूक गेललंस. ल्हान चेडू होतंस तू. मीच तुझो हात मागे ओढललंय.”

रूपालीला ते आठवत नव्हतं. आई रागावली असती तर तिला सोपं गेलं असतं. आईने सगळा दोष सहज स्वतःकडे घेतला होता, आणि तो परत कसा मागायचा हे तिला कळेना.

तिने विचारलं, “मगे आज हात कशाक पुढे केलंस, आये?”

आईने बूट उलटा करून आतली माती झटकली.

“दिवज देऊक तू होतंस म्हणान.”