चिकटपट्टीखालचा दिवा

डंपरचा मागचा एक्सल कसा तुटला ही गोष्ट त्याचा ड्रायव्हर भोंगा याने पहिल्यांदा सांगितली तेव्हा चिखल घोट्यापर्यंत होता. संध्याकाळी चहाच्या पत्र्याखाली तोच चिखल गुडघ्यापर्यंत चढला. आठवडा संपायच्या आत डंपरच्या काचा बुडाल्या, भोंगा टपावर उभा राहून पायाने स्टेअरिंग फिरवू लागला, आणि एक्सल तुटल्याचा आवाज ऐकून टेकडीपलीकडच्या कोंबड्यांनी दचकून अंडी द्यायची बंद केली.

खाणीवरची माणसं हसून हसून बेजार व्हायची. दगड फोडणारी, खडी भरणारी, दिवसभर तोंडात धूळ खाणारी ती माणसं. त्यांना हसायला भोंगा लागायचा. थाप मारायची तर हत्तीएवढी मारायची, म्हणजे तिच्याखाली कुणी चिरडत नाही, लांबूनच दिसते, असं त्याचं तत्त्व होतं. आजवर त्याच्या थापेने कुणाच्या अंगावर ओरखडासुद्धा उठला नव्हता.

पण या गोष्टीत त्याने काचा बुडवल्या, कोंबड्या आणल्या, आणि एक वस्तू मात्र दर वेळी वगळली. पिवळा दिवा. करंगळीच्या नखाएवढा.

खरा प्रकार असा होता. खाणीच्या तळाशी पंपाचा पाइप फुटून रस्त्याचा लगदा झाला होता. भोंग्याचा डंपर दगड भरून निघाला आणि त्या लगद्यात बसला. मागचं डावं चाक गरगर फिरत चिखल उडवतंय आणि उजवं मात्र रुसलेल्या पाहुण्यासारखं ढिम्म. मागच्या दोन चाकांच्या मध्ये तो दात्यांचा गोळा असतो ना, डिफरन्शियल, त्याचा स्वभावच तसा. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी, म्हणून तो दोघांना आपापल्या चालीने जाऊ देतो. सडकेवर हा मोठा गुण. चिखलात मात्र जे चाक निसटतं त्यालाच तो सगळी ताकद देऊन बसतो. अशा वेळी लॉकचा खटका दाबायचा, की दोन्ही चाकं एकाच दांड्यावर ठोकल्यासारखी बरोबर फिरतात.

भोंग्याला हे सगळं त्याच्या दाजींनी शिकवलं होतं. ताईचा नवरा, खाणीवरचा मिस्त्री. डंपर हातात दिला त्या दिवशी कान धरूनच शिकवलं म्हणा ना. "चाक फिरत असताना खटका दाबायचा नाही, दाते झडतात. आधी थांब. मग दाब. मग हळू आणि सरळ. आणि टणक रस्ता लागला की पहिलं काम, लॉक सोड. लॉक लावून कोरड्या रस्त्यावर वळलास तर चाकांना घसरायला जागा नाही, सगळा पीळ एक्सलला बसतो. मग तो बिचारा तुटतो आणि शिव्या मिस्त्रीला."

त्या दिवशी भोंगा थांबला. दाबला खटका. हळू आणि सरळ असा डंपर बाहेर काढला की दाजींनी पाठ थोपटली असती. वर सिमेंटचा चढ लागला. आता लॉक सोडायचं. पण तोवर भोंग्याच्या डोक्यात गोष्ट सुरू झाली होती. आपण चिखलातून कसे निघालो, हे चहाला सांगताना सुरुवात कुठून करावी? पंपापासून की बुडालेल्या चाकापासून? म्हशी घालाव्यात का मध्ये?

म्हशींचं ठरतंय तोवर वजनकाट्यापाशीचं वळण आलं. स्टेअरिंग जड झालं. मागची चाकं कोकलली, चिमटा काढल्यासारखी. भोंग्याला वाटलं, माल जास्त भरलाय. त्याने आणखी जोर लावला, आणि खालून कडाड् झालं.

डॅशबोर्डवर लॉकचा पिवळा दिवा असतो. लॉक लागलं की तो पेटतो, सुटलं की विझतो. पण भोंग्याच्या डंपरमध्ये त्यावर काळी चिकटपट्टी होती. वायर ढिली होऊन मागे कधीतरी तो दिवा विनाकारण पेटून राहायचा आणि डोळ्यांत खुपायचा, म्हणून भोंग्याने ती लावली होती. दाजींनी वायर केव्हाच नीट केली. "आता पट्टी काढ रे ती," असं दोनदा बजावलंही. भोंगा "काढतो" म्हणाला, दोनदा.

एक्सल तुटलेला डंपर वळणावर आडवा अडकला होता तेव्हा त्याने नखाने ती पट्टी उचकटली. खाली दिवा शांतपणे पेटलेला होता. भोंग्याने खटका सोडला. पट्टीची गोळी केली आणि खिशात टाकली.

मुकादम धापा टाकत आला. "काय केलंस?"

भोंग्याने तोंड उघडलं. खरं सांगणार होता, शपथ घ्यायला लावली तरी तेच सांगितलं असतं. पण मुकादमालाच धीर नव्हता. तो खाली वाकला, तुटका दांडा पाहिला आणि म्हणाला, "अरे, हा तर परवाच बदललेला! कुणी बसवला? तुझ्याच दाजींनी ना? म्हातारा झाला बाबा मिस्त्री. हात चालेना त्याचा."

आणि ज्या तोंडाला जन्मात कधी कुलूप लागलं नव्हतं ते तेव्हा मिटलं. उभ्या आयुष्यात भोंग्याने हजार थापा मारल्या होत्या, पण खोटं तो त्या एकाच दिवशी बोलला, तेही गप्प राहून.

बाहेरून दुसरा मिस्त्री आणून डंपर उभा केला. दाजींना वजनकाट्यावर बसवलं. गाडी आली की दोरी ओढायची, आडवा दांडा वर. गाडी गेली की दोरी सोडायची, दांडा खाली.

दाजी भांडले असते तर भोंग्याला बरं वाटलं असतं. ते भांडले नाहीत. एक्सलचा तो तुटका दांडा त्यांनी मागून घेतला, फडक्यात गुंडाळून घरी नेला आणि रोज खिडकीपाशी उजेडात धरून पाहत बसले.

"बसवताना हातोडा जरा जास्त लागला असेल का रे?" त्यांनी भोंग्याला विचारलं. "मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे लागलाच असणार."

"दाजी, दांडाच कच्चा असेल."

"दांडा कच्चा नव्हता. मी वाजवून घेतला होता." मग दांडा खाली ठेवत, "निदान मला तसं ऐकू आलं."

ताई दाराबाहेर भोंग्याला सोडायला आली. "गॅस बंद केलाय का हे चारचारदा बघतात आता," ती हळू आवाजात म्हणाली. "काल नळाला वायसर घालायचा होता, तर शेजारच्याला बोलावलं. मी म्हटलं, अहो, तुम्ही? तर म्हणाले, माझा हात नको त्याला. हत्यारांची पेटी पुसली, तेल लावलं आणि पलंगाखाली ढकलली रे. मेलेल्या माणसाचे कपडे ठेवतात तशी." तिने पदराने नाक पुसलं. "तू येत जा. तू आलास की हसतात तरी."

भोंगा घरी गेला तो जेवलाच नाही. बायको म्हणाली, "पोट बिघडलंय?" तो म्हणाला, "हो." ती म्हणाली, "बाहेर काय खाल्लंत?" आता काय सांगणार, काय गिळलंय ते.

आणि तरी पत्र्याखाली लोक म्हणायचे, "भोंग्या, एक्सल होऊन जाऊ दे!" मग तो सांगायचा. गोष्ट जितकी मोठी होईल तितका तो दिवा लहान होईल असं त्याला वाटायचं. कोंबड्यांच्या मागोमाग भूकंप आला, नदी उलटी वाहिली, पण दिवा काही लहान होईना. खिशात हात घातला की पट्टीची चिकट गोळी बोटाला लागायची. टाकायची म्हटली तरी टाकवत नव्हती.

एकदा अशीच फर्माईश झाली आणि भोंगा उठून उभा राहिला. मुकादमही तिथेच बशीत चहा ओतून बसला होता.

"मुकादम, खरं सांगतो," भोंगा म्हणाला. "एक्सल दाजींमुळे नाही तुटला. मी लॉक सोडायला विसरलो. दिव्यावर पट्टी होती. ही बघा."

मुकादमाने मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! मेहुणा असावा तर असा! म्हाताऱ्यासाठी नवीन गोष्ट रचली बघा!"

"गोष्ट नाही हो, आईशप्पथ!"

"आईशप्पथ तर तू कोंबड्यांचीही घेतली होतीस," कुणीतरी ओरडलं, आणि पत्रा हशाने दणाणला.

"ही पट्टी बघा ना!"

"पट्टी काय, माझ्याही खिशात निघेल. पण मन मोठं आहे हां तुझं. ए, भोंग्याला चहा द्या रे, माझ्याकडून."

तो चहा भोंग्याला प्यावा लागला. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात कडू चहा, आणि साखर तर नेहमीपेक्षा जास्त होती.

मग तो थेट काट्यावर गेला. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात भोंग्याच्या खांद्यावर ठेवला. "नको रे. माझ्यासाठी स्वतःला बुडवू नकोस. तू सांगतोस ते ऐकायला बरं वाटतं. पण माझा हात गेलाय, आणि कानही. मला ठाऊक आहे ना."

खांद्यावरचा तो हात भोंग्याला भरलेल्या डंपरएवढा जड झाला. शिव्या खायला आलेला माणूस कौतुक घेऊन परतत होता. तोंडाने आता काही होणार नव्हतं. ते तोंड त्याने स्वतःच फुकट घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डंपर रिकामा होता. भोंग्याने तो सिमेंटच्या चढावर आणला, वळणाच्या अलीकडे पूर्ण थांबवला आणि खटका दाबला. जरासा पुढे घेताच दिवा पेटला. या वेळी त्यावर काही नव्हतं. मग हळूहळू त्याने स्टेअरिंग वळवलं.

डंपरला वळायचं नव्हतं. नाक सरळ जाऊ पाहत होतं, मागचा भाग कण्हत होता, आणि कोरड्या सिमेंटवर चाकं कोकलली. अगदी तशीच.

काट्यावर दाजी दोरी धरून उभे होते. त्यांची मान झटकन वळली. हातातली दोरी सुटली, दांडा धाडकन खाली आला, आणि एरवी खुरडत चालणारा तो माणूस पळत सुटला.

"सोड! लॉक सोड, गाढवा! मोडशील! थांब आधी!"

भोंग्याने ब्रेक मारला. दाजी बॉनेटला हात टेकून धापा टाकत होते. "कोरड्या रस्त्यावर लॉक? तेही वळणावर? तुला किती वेळा कानीकपाळी ओरडलो..." आणि ते मध्येच थांबले.

त्यांनी चाकांकडे पाहिलं. वळणाकडे पाहिलं. दाराशी चढून आत डोकावले. पिवळ्या दिव्याभोवती पट्टीच्या गोंदाचा मळकट चौकोन अजून होता.

"त्या दिवशीही," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

भोंग्याने मान हलवली.

"चाकं अशीच ओरडली होती?"

"जास्त. माल होता ना."

"आणि तू काय करत होतास?"

"गोष्ट जुळवत होतो, दाजी."

दाजींनी आपले हात समोर धरले. उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले, हरवलेले परत मिळाल्यासारखे. भोंग्याला वाटलं, आता कानाखाली बसेल. बसली असती तर फार बरं झालं असतं.

"उतर खाली," दाजी म्हणाले.

ते स्वतः चढून बसले. खटका सोडला, दिवा तसाच. पीळ अडकला होता. त्यांनी चाकं सरळ केली, डंपर जरा मागे घेतला, जरा पुढे, आणि दिवा विझला. भोंग्याला कधी सुचलं नसतं असं काही त्यात नव्हतं, पण ते हात थरथरले नाहीत एवढं त्याने पाहिलं.

तोवर मुकादम पोचला. "आता काय नवीन?"

"लॉक लावून वळलो," भोंगा म्हणाला. "त्या दिवशीही असाच वळलो होतो. म्हणून एक्सल तुटला."

मुकादम पुढच्या थापेची वाट पाहत राहिला. त्याने दाजींकडे पाहिलं. दाजींनी वळणावरच्या टायरच्या ताज्या काळ्या ओरखड्यांकडे बोट केलं. मुकादमाचं तोंड हळूहळू उतरत गेलं.

"मग कोंबड्या?" त्याने उगीच विचारलं.

"कोंबड्या नव्हत्या."

संध्याकाळी ताईने पलंगाखालून पेटी ओढून काढली, आणि भोंग्याशी ती कितीतरी दिवस बोलली नाही. तो गेला की वाढायची, पण ताट जरा जोरात ठेवायची. दाजी बोलायचे, मीठ दे, पाणी दे. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. भोंग्यानेही विचारलं नाही.

मुकादमाने डंपर दुसऱ्याला दिला. भोंगा आता काट्यावर बसतो. गाडी आली की दोरी ओढतो, गेली की सोडतो. कुणी एक्सलची गोष्ट मागितली तर एका वाक्यात सांगतो. ऐकणाऱ्यांना पटते, पण मजा येत नाही.

काल दाजी पेटी खडखडवत काट्यावरून गेले. दांड्यापाशी थांबले. खालून एक भरलेला डंपर चढ चढत होता. दोघांनीही माना तिकडे वळवल्या. डंपर वळला. चाकं नुसती घरघरली.

"ऐकतोयस ना?" दाजींनी विचारलं.

"ऐकतोय, दाजी."

दाजी पुढे गेले. भोंग्याने दोरी ओढली.